फेतुआओबाईंनी न मारलेला फटका

आमच्या बेटावरच्या फालेतोआ गावात चाळिशीच्या आतला असा माणूस सापडला नसता, ज्याने फेतुआओबाईंचा मार खाल्ला नव्हता. बाई शाळेत इंग्रजी शिकवत. एका हातात खडू असे आणि दुसऱ्या हातात नारळाच्या हिरांचा खराटा. चुकलेल्या शब्दाला पोटरीवर एक, उलट उत्तराला पाठीवर दोन, आणि मार खाऊन जो हसला त्याच्या कानाखाली सणसणीत एक. गावचे पाद्रीबुवासुद्धा त्यांच्याच हाताखालून गेलेले. प्रवचनात मधेच एखादं इंग्रजी वाक्य टाकायची त्यांना भारी हौस, पण पहिल्या रांगेत बाई दिसल्या की ते वाक्य तसंच गिळून टाकत. याबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही. उलट आयाच पोरांना शाळेत सोडताना सांगून जात, "डोळे तेवढे शाबूत ठेवा बाई, बाकी सगळं तुमचं."

बाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या घरात आधी हात बोलायचे, तोंडं मागून. बाप गावचा मताई, म्हणजे घराण्याचा प्रमुख. सभेत मधाळ बोलणारा, आणि घरी आला की होडीचं वल्हं घेऊन बायकोपोरांच्या मागे लागणारा. त्या वल्ह्यानेच बाईंचा डावा कान कायमचा गेला. पुढे त्या राजधानीत, आपियाला शिकायला गेल्या, तिथेच लग्न केलं आणि नवऱ्याला घेऊन गावी परतल्या. त्याने एकदा हात उचलला, दोनदा उचलला, तिसऱ्यांदा उचलला. चौथ्यांदा बाईंनी नीरफणस पाडायचा बांबू उचलला. रविवारचं जेवण पानात तसंच राहिलं आणि नवरा सदऱ्याशिवाय किनाऱ्याकिनाऱ्याने पळत सुटला. पुढच्या गावापर्यंत बाई त्याच्या मागे होत्या. तो न्यूझीलंडला गेला असं म्हणतात; परत काही आला नाही. गाव अजून त्या दिवसाला बांबूचा रविवार म्हणतं.

मूलबाळ नव्हतं. आई लवकर गेलेली, त्यामुळे धाकट्या भावाला, तालोसांगाला, बाईंनीच वाढवलं. न्हाऊमाखू त्यांनीच घातलं आणि झोडपलंही त्यांनीच. पुढे त्याचे खांदे घराच्या खांबाएवढे झाले, पण बहिणीसमोर त्याची मान कधी वर झाली नाही. आमच्याकडे म्हणतात, बहीण ही भावाच्या डोळ्यातली बाहुली. तिच्यासमोर भावाने अचकटविचकट बोलायचं नाही, आणि भावाच्या देखत तिच्याबद्दल तसलं कोणीच बोलायचं नाही. बोलणाऱ्याचं काय होतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. बाप वारल्यावर घराण्याने मताईपद बाईंनाच दिलं. पुरुषमंडळी थोडी कुरकुरली. एक चुलतभाऊ म्हणाला, "आता सभेत बाईमाणूस बसणार का?" बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याला आपली शाळा आठवली आणि तो खाली बसला.

ऑस्ट्रेलियातल्या फळबागांत नि कत्तलखान्यांत माणसं न्यायला सुरुवात झाली, तेव्हा फालेतोआ आणि शेजारचं वाइलेपा, अशा दोन्ही गावांतल्या पुरुषांना एकाएकी इंग्रजीची गरज पडली. माणसं निवडणारा मुकादम येऊन प्रश्न विचारे, आणि प्रश्न सगळे एकाच साच्याचे. सुरीने स्वतःला कापून घेशील का? उन्हापासून स्वतःला कसं वाचवशील? जड खोकं उचलताना स्वतःला इजा होऊ नये म्हणून काय केलं पाहिजे? बाईंनी चर्चच्या सभागृहात दुपारनंतरचा वर्ग सुरू केला. मंडळी शेतावरून तशीच येत, कोयते बाहेर भिंतीला टेकवत आणि आत चटयांवर बसत. दाढ्या वाढलेले, लेकुरवाळे पुरुष, पण खराटा दिसला की पाय पोटाशी घेत.

कॅन, मस्ट, शुड, विल असे शब्द बाई फळ्यावर एका रांगेत लिहीत. "हे मताई," त्या म्हणत. "सभेत मताई आला की आपण कपडे सावरतो. इंग्रजीत उलटं. यांच्या मागून येणारं क्रियापद उघडंनागडं आलं पाहिजे. पुढे टूची टोपी नाही, मागे एसचं शेपूट नाही. आणि केलेलं काम फिरून करणाऱ्याच्याच अंगावर येत असेल, तर शेवटी सेल्फ. आय मस्ट प्रोटेक्ट मायसेल्फ. पुढचं कोण सांगतो?"

"यू मस्ट प्रोटेक्ट यू," मागून कोणीतरी म्हणाला. सटकन खराटा.

"आपल्या भाषेत बरं आहे, बाई," तो पोटरी चोळत म्हणाला. "कोणी काय केलं ते सांगितलं की झालं. हे फिरून अंगावर येणं बिणं कशाला?"

"आपल्याकडे फिरून येतं ते एकट्याच्या अंगावर येत नाही, गाढवा. अख्ख्या घराण्याच्या अंगावर येतं. तिकडे ऑस्ट्रेलियात ज्याचं त्याला. पाठ कर मुकाट्याने."

वर्गात सगळ्यात तल्लख वाइलेपाचा केनेती. रग्बी खेळणारा, देखणा, आणि जिभेला हाड नसलेला. तो बाईंचा लाडका होता. त्याला मार कमी पडे, त्यावरूनच ते ओळखायचं. तालोसांगा मात्र ढ. सगळ्यात मागे बसे आणि सगळ्यात जास्त मार खाई. "तालो, तुला नेतील रे ऑस्ट्रेलियाला," केनेती म्हणे, "पण खोक्यात भरून." तालोसांगाही हसे. दोघांत वैर नव्हतं. पुष्कळांनी नंतर पूर्वीचं वैर शोधून काढलं, पण तसलं काही नव्हतं.

मुकादम यायच्या आदल्या दिवशी बाईंनी खेळ लावला. प्रत्येकाने उठायचं आणि ओळखीच्या कोणाबद्दल तरी एक वाक्य करायचं. त्यात मस्ट हवा आणि सेल्फ हवा. एकजण म्हणाला, लाफीने स्वतःला धुतलं पाहिजे, त्याला डुकरांचा वास येतो. लाफी म्हणाला, पाद्रीबुवांनी स्वतःला आवरलं पाहिजे, ते दुसऱ्यांदा वाढून घेतात. सभागृह हसून हसून गडगडत होतं. तालोसांगाचं वाक्य अर्ध्यात मोडलं, त्याला दोन बसले. मग केनेती उठला. छाती पुढे काढली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, बाईंना नवरा नाही, तेव्हा बाईंची खाज बाईंनी स्वतःच भागवून घेतली पाहिजे.

वाक्य सोपं होतं, ते सगळ्यांना कळलं. हसलं कोणीच नाही. सगळ्या माना आधी मागे, तालोसांगाकडे वळल्या, आणि मग सगळे डोळे बाईंच्या हातातल्या खराट्याकडे गेले.

त्या क्षणी तो खराटा केनेतीच्या तोंडावर बसता, ओठ फाटून रक्त येतं, तर गोष्ट तिथेच मिटली असती. अपमान बाईंचा, मताई बाई, गुरूही बाईच. त्यांनी मारलं की भावाला करायला काही उरत नव्हतं. केनेतीलाही हे पक्कं ठाऊक होतं. मार खायची तयारी ठेवूनच त्याने तोंड उघडलं होतं, गाल जरा पुढेच केला होता. पण बाईंनी वाक्य ऐकलं, अर्थ ऐकलाच नाही. मस्ट जागेवर. क्रियापद उघडं. हरसेल्फ नेमकं. इतके महिने या दगडांवर डोकं आपटल्यावर एकाचं तरी वाक्य बिनचूक आलं! बाई मोकळ्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरोब्बर! शाब्बास, केनेती! ऐकलंत का रे? असं बोलायचं."

मग त्यांना अर्थ कळला. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि हात उचलला गेला नाही. जन्मभर नको तिथे उठलेला हात पाहिजे त्या वेळी खाली लोंबकळत राहिला. "आजचा वर्ग संपला," एवढंच त्या म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळून तो पुसू लागल्या.

फळा अर्धा पुसून झाला नाही तोच बाहेर आवाज चढले.

"काय म्हणालास माझ्या बहिणीला? परत म्हण."

"वर्गात लक्ष देत जा, तालो," केनेती म्हणाला. आता माघार घेतली तर सगळे हसतील, म्हणून तो आणखी पुढे गेला. "बाई शाब्बास म्हणाल्या, ते ऐकलं नाहीस? त्यांना पटलंय."

तालोसांगाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. केनेती मागे गेला, थुंकला आणि परत आला. तो अंगाने भारी होता. पहिल्या तडाख्यात त्याने तालोसांगाचं नाक फोडलं, दुसऱ्यात पुढचा दात पाडला. मग त्याला भुईवर आपटून छातीवर बसला आणि गळा दाबत म्हणू लागला, "पुरे म्हण! पुरे म्हण, सोडतो!" मंडळींनी मधे पडायचं सोडून रिंगण धरलं. एका गावाचे एका बाजूला, दुसऱ्याचे दुसऱ्या बाजूला. "दे त्याला! दाब अजून!" तालोसांगाचा हात भुईवर चाचपडत भिंतीपाशी गेला. भिंतीला कोयते टेकवलेले होते.

घाव मान आणि खांदा यांच्या मधोमध बसला. अळूसारख्या तारोचा जाड देठ छाटताना होतो तसा आवाज झाला, आणि रिंगण फुटून माणसं चारी दिशांना पांगली.

बाई धावत आल्या तेव्हा तालोसांगा कोयता हातात धरून उभा होता आणि केनेती गुडघ्यांवर बसून आपल्याच रक्ताकडे पाहत होता. बाईंनी अंगावरची ओढणी फाडून जखमेत कोंबली, लाफीला गाडी आणायला पिटाळलं, आणि केनेतीला गाडीच्या मागच्या हौद्यात मांडीवर घेऊन बसल्या. इस्पितळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला. रक्त बोटांच्या फटींतून येतच राहिलं. ओढणी भिजली, बाईंची मांडी भिजली, हौद्याच्या कोपऱ्यात थारोळं साचून गाडीबरोबर इकडून तिकडे वाहू लागलं.

"बाई," केनेती म्हणाला.

"गप्प राहा. बोलू नकोस."

"तुम्ही मारायला पाहिजे होतं मला."

"हो रे बाबा. पाहिजे होतं."

तो आणखी काहीतरी म्हणाला, पण बाईंच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला त्याचं तोंड होतं. मान फिरवून कान जवळ नेईपर्यंत तो गेला होता. बाईंनी गाडी परत फिरवायला सांगितली.

प्रेत वाइलेपात पोचलं आणि गाव पेटलं. खरोखरच पेटलं, शिवेवरच्या फालेतोआच्या दोन घरांची छपरं संध्याकाळच्या आत जळून गेली, डुकरं कापून रस्त्यात टाकली गेली. केनेतीचा धाकटा भाऊ मालाकी शिवेवर येऊन ओरडून गेला, "आधी तालोसांगा, आणि तो मिळाला नाही तर जो दिसेल तो!" दोन्ही गावांत घासायच्या दगडांवर कोयते फिरू लागले. उद्यापर्यंत काही केलं नाही तर किती माणसं पडतील, हे बोलायची कोणाला गरज वाटली नाही.

"इफोगा करायचा," बाई म्हणाल्या. "उजाडायच्या आत निघायचं."

इफोगा म्हणजे शरण जाणं. घराण्याचा मताई डोक्यावरून घराण्यातली सगळ्यात मोलाची तलम चटई पांघरतो आणि मेलेल्याच्या दारात जाऊन मान खाली घालून बसतो. बरोबर भट्टीचे दगड, लाकडं, पानं नेतात. आम्हाला कापा, भाजा, खा, तुमची मर्जी. त्या घराने चटई उचलली, की माफी. नाही उचलली, तर चटईखालचा माणूस परत येतोच असं नाही. तुरुंग याने चुकत नाही. चुकतं ते पुढचं रक्त.

तालोसांगा घराच्या कोपऱ्यात बसला होता. नाक सुजून चेहरा ओळखू येत नव्हता.

"ताई, मी जातो. मी केलं, मीच त्यांच्या दारात बसतो. काय करायचं ते करू देत."

"तू मुकाट्याने पोलिसांकडे जाशील. चटईखाली मताई बसतो, खुनी नाही."

"पण केलं मी ना? तू कशाला?"

"तू बसलास तर ते एकट्या माणसाचं पाप होतं. एकट्याला कापायला कोणी मागेपुढे पाहत नाही. मी बसले म्हणजे अख्खं घराणं बसलं. घराण्यावर कोयता उचलताना हात अडखळतो. कळलं?"

तालोसांगाने मान हलवली. बहिणीच्या शब्दाबाहेर तो आजवर गेला नव्हता. चुलतभावाने त्याला गाडीत घालून पोलीस चौकीकडे नेलं, आणि बाईंनी पेटीच्या तळातून पणजीच्या हातची चटई काढली. धुतलेल्या कापडासारखी मऊ, कडेला लाल पिसं.

तांबडं फुटत होतं तेव्हा बाई वाइलेपात लूपेच्या घरासमोर जाऊन बसल्या. लूपे म्हणजे केनेतीची आई. मागे घराण्यातली माणसं, मांडीवर लाकडं आणि दगड घेऊन. आमच्या घरांना भिंती नसतात. आत मधोमध केनेती निजवलेला, उशाशी लूपे, आणि खांबाला टेकून त्यांचा म्हातारा मताई तुईसोआ, हे सगळं बाईंनी चटई ओढून घ्यायच्या आधी एकदा पाहून घेतलं. मग त्यांना फक्त भुई दिसत राहिली.

पहिला दगड लवकरच आला. पाठीत बसला. दुसरा डोक्यात. ऊन वर आलं, चटईखाली गुदमरायला लागलं, कपाळावरून घाम आणि रक्त मिसळून डोळ्यांत उतरलं. बाई हलल्या नाहीत. मागे त्यांच्या घराण्याचा वक्ता क्षमेचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि घरातून कोणी उत्तर देत नव्हतं. चटईच्या कडेपलीकडे पावलं येत-जात होती. एक जोडी सारखी फेऱ्या घालत होती आणि तिच्या शेजारून कोयत्याचं टोक भुईवर रेघ ओढत चाललं होतं. ती मालाकीची.

"बाहेर ये, म्हातारे," तो म्हणाला. "तुझा तो शूर भाऊ कुठे लपलाय? बहिणीच्या पदराखाली?"

चटईखालच्या माणसाने बोलायचं नसतं.

आणि मग उजव्या बाजूला दोन पावलं येऊन थांबली. रुंद, अंगठा बाहेर वळलेला. या पावलांची नखं बाईंनी त्याच्या लहानपणी वर्षानुवर्षं कापली होती. ती पावलं गुडघ्यांवर आली. चटईच्या बाहेर, उघड्यावर.

"ताई, मी गाडीतून उडी मारून आलो."

"जा," बाई दातांखालून म्हणाल्या. "मूर्खा, जा इथून."

"नाही. ज्याचं त्याला. तूच शिकवलंस ना? मी केलं, मीच भोगलं पाहिजे."

जन्मात एक धडा या ढ पोराने मनापासून शिकला होता, आणि तो नेमका इथे. ऑस्ट्रेलियातलं शहाणपण वाइलेपाच्या अंगणात. तो असा एकटा येऊन बसला याचा अर्थ त्या अंगणात प्रत्येकाला एकच लागला: याचं घराणं याच्यामागे नाही. याला मारलं तर ते इफोगाला मारणं नव्हे.

माणसं तुटून पडली. बाईंच्याच घराण्याने शरण म्हणून आणलेली लाकडं मांड्यांवरून ओढून घेतली गेली आणि तालोसांगाच्या पाठीत, बरगड्यांत, डोक्यात बसू लागली. तो हात वर करत नव्हता. कोणाच्या तरी लाथेने त्याचं तोंड मातीत गेलं. बाईंना फक्त पाय दिसत होते आणि लाकडाचा हाडावर बसणारा आवाज ऐकू येत होता. उठावं, चटई भिरकावावी, बांबू घ्यावा आणि एकेकाला लोळवावं, अंगातलं सगळं रक्त हेच सांगत होतं. पण आपल्या हाताने चटई काढली की इफोगा मोडला. मग फालेतोआत आज एकही पुरुष शिल्लक राहिला नसता. बाई गुडघ्यांवर रांगू लागल्या. चटई पाठीवर तशीच, कासवासारख्या, लाथांच्या मधून सरकत त्या भावापर्यंत गेल्या आणि त्याच्या अंगावर पालथ्या पडल्या. चटईने दोघांनाही झाकलं.

फटके थांबले नाहीत. एक ओंडका बाईंच्या उजव्या हातावर बसला आणि कोपराखाली हाड मोडल्याचं त्यांना ऐकू आलं. त्या ओरडल्या.

"थांबा!" मालाकी म्हणाला. "बाईला मारताय, गाढवांनो! बाजूला व्हा!"

तो दोघांच्या अंगाशी येऊन उभा राहिला. कोयता उचललेला, पण चटईखाली एकच ढिगारा; त्यात भाऊ कुठला, बहीण कुठली, कळेना. मास्तरीणबाईला कापायला तो आला नव्हता. त्याला त्याचा माणूस हवा होता. त्याने वाकून चटईची कड धरली आणि एका हिसक्यात ती ओढून काढली.

घरातल्या बायकांचं रडणं मधेच तुटलं. लाकडं धरलेले हात होते तिथे राहिले. मालाकीने कोयता डोक्यावर नेला, आणि सगळं अंगण एवढं गप्प का झालं म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

खांबापाशी तुईसोआ उठून उभा राहिला. "उचलली," तो म्हणाला.

"काय?"

"चटई उचलली. शोकाच्या घरच्या हाताने उचलली. माफी झाली."

"मी माफी नाही केली!" मालाकी किंचाळला. "याला हुडकायला काढली मी! मारायला काढली!"

"चटईला एवढं कळत नाही, बाळा."

"माझा भाऊ आत पडलाय! तुम्हाला काय जातंय?"

"मला काय जातंय ते उद्या खड्डा खणताना बघ," तुईसोआचा आवाज चिरकला. "पण चटई उचलल्यावर या अंगणात आजवर कोणी कोणाला मारलेलं नाही. तुला पहिला व्हायचं असेल तर हो. आम्ही कोणी तुला धरणार नाही."

तालोसांगा गुडघ्यांवर आला होता. एक डोळा मिटलेला, तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. त्याने मान पुढे केली. "मार," तो म्हणाला. "मार ना."

मालाकीने कोयता सगळ्या ताकदीनिशी खाली आणला, आणि तो तालोसांगाच्या गुडघ्याशेजारी मातीत अर्धा रुतला. मालाकीचे हात मोकळे झाले, पण त्यांना कुठे जायचं ते कळेना. खाली भट्टीचे दगड विखुरले होते. त्याने एक उचलला आणि स्वतःच्या कपाळावर हाणला. परत हाणला. कातडी फाटली, रक्त डोळ्यांवर आलं, आणि तो हाणतच राहिला. कोणी पुढे झालं नाही. दुःख त्याचं, डोकंही त्याचं.

बाई उठल्या. मोडका हात पोटाशी धरून त्यांनी डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं.

"सोड मला!" त्याने दुसऱ्या हाताने त्यांच्या तोंडात मारली. बाईंचं डोकं एका बाजूला गेलं आणि परत जागेवर आलं. त्याने पुन्हा मारली. ओठ फाटला. आजवर बाईंनी खाल्लेला एकही फटका कोणाला ना कोणाला परत केल्याशिवाय ठेवला नव्हता. आता त्या नुसत्या उभ्या होत्या, त्याला धरून. त्याने तिसऱ्यांदा मारली, तीत जोर नव्हता.

लूपे घरातून उतरून आली. पहाटेपासून ती पहिल्यांदाच उठली होती. पाय आखडले होते, चालताना ती खांबांचा आधार घेत होती. ती बाईंच्या समोर येऊन उभी राहिली.

"सोड माझ्या पोराला, फेतुआओ."

"नाही सोडणार," बाई म्हणाल्या. फाटलेल्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते. "डोकं फोडून घेईल तो."

लूपेने मालाकीच्या मुठीतला दगड काढायला घेतला. एकेक बोट उलगडावं लागलं. दगड खाली पडला तरी मालाकीचा हात हिसके देत होता, आणि बाईंची बोटं रक्ताने निसरडी होऊन सुटायला आली होती.

"मग घट्ट धर," लूपे म्हणाली. "मला आता हा एकच राहिलाय."